आयात वाहनभागांचा मूळ देश

आयात वाहनभागांचा मूळ देश म्हणजे परदेशातून आणलेला मोटारगाडीचा सुटा भाग कायद्याच्या दृष्टीने ज्या देशात तयार झाला असे मानले जाते तो देश. या व्याख्येतील 'मानले जाते' हे शब्द महत्त्वाचे आहेत. भाग कोणत्या बंदरातून निघाला, बीजक कोणत्या शहरातून आले किंवा खोक्यावर कोणत्या कंपनीचे नाव छापले आहे यांवरून मूळ देश ठरत नाही. तो ठरवण्यासाठी प्रत्येक देशाचे आणि प्रत्येक व्यापार कराराचे स्वतंत्र नियम असतात. त्यांना मूळ नियम किंवा उगमनियम असे म्हणतात. नियम वेगवेगळे असल्यामुळे एकाच भागाला एकाच दिवशी दोन मूळ देश असू शकतात आणि दोन्ही उत्तरे कायद्याने बरोबर ठरतात.

सीमाशुल्क किती लागेल, कराराची सवलत मिळेल का, अँटी-डंपिंग शुल्क भरावे लागेल का आणि वेष्टनावर कोणत्या देशाचे नाव छापावे लागेल, या चारही गोष्टी मूळ देशावर अवलंबून असतात. भारतात वाहनांच्या बहुतेक सुट्या भागांवरील मूळ सीमाशुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात १५ टक्क्यांवर नेण्यात आले. करारानुसार तोच भाग शून्य किंवा कमी शुल्काने येऊ शकतो. हा फरक एकेका कंटेनरमागे लहान व्यापाऱ्याच्या नफ्याहून मोठा असतो. त्यामुळे मूळ देशाचा प्रश्न वरवर कारकुनी वाटला, तरी त्यावर धंदे उभे राहतात आणि बुडतात.

पार्श्वभूमी

मालावर देशाचे नाव घालण्याची सक्ती जुनी आहे. ब्रिटनने १८८७ च्या व्यापारचिन्ह कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव असावे असा आग्रह धरला. स्वस्त जर्मन माल ब्रिटिश माल म्हणून खपवला जातो ही त्यामागची तक्रार होती. 'मेड इन जर्मनी' ही अक्षरे त्यातून आली आणि पुढे ती कमीपणाची न राहता गुणवत्तेची खूण झाली, हा इतिहासातील एक गमतीचा उलटफेर होय. अमेरिकेने १८९० च्या शुल्क कायद्यात अशीच तरतूद केली. तेथील आजची सक्ती १९३० च्या शुल्क कायद्याच्या ३०४ व्या कलमावर उभी आहे.

त्या काळी एखादी वस्तू एकाच गावात, बहुधा एकाच छपराखाली बनत असे. मोटारगाडीने ही स्थिती पालटली. गाडीत हजारो भाग असतात आणि त्यांतील कित्येक भाग स्वतःच इतर भागांच्या जुळणीतून बनलेले असतात. गिअरबॉक्सचे कवच एका देशात ओतले जाते, दातेरी चाके दुसऱ्या देशात कापली जातात, बेअरिंग तिसऱ्या देशातून येते आणि जुळणी चौथ्या देशात होते. अशा वस्तूचा 'देश' कोणता, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यापारविषयक वाटाघाटींत वारंवार पुढे आला.

जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेबरोबर १९९५ मध्ये मूळ नियमांविषयीचा करार अमलात आला. सवलतीशी संबंध नसलेल्या सर्वसाधारण व्यापारासाठी साऱ्या जगाचे एकसमान नियम तीन वर्षांत तयार करावेत असे त्यात ठरले होते. ते काम अद्याप पूर्ण झालेले नाही. परिणामी प्रत्येक देश आपापल्या नियमांनी चालतो.

दोन प्रकारचे नियम

मूळ नियमांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग सवलतीच्या नियमांचा. मुक्त व्यापार करारातील शुल्कसवलत कोणाला द्यायची ते हे नियम ठरवतात. ते मुद्दाम कडक असतात, कारण सवलत करारातील भागीदाराला द्यायची असते. त्याच्या गोदामातून माल पुढे पाठवणाऱ्या तिसऱ्या देशाला नव्हे. दुसरा वर्ग सवलतेतर नियमांचा. अँटी-डंपिंग शुल्क, आयात कोटा, निर्बंध, आकडेवारी आणि वेष्टनावरील नाव यांसाठी ते वापरतात.

या दोहोंची गल्लत झाली की घोटाळा होतो. अमेरिकेने २०१८ मध्ये चिनी मालावर जादा शुल्क लावले तेव्हा हे ठळकपणे दिसले. चीनमध्ये बनलेले रोटर आणि स्टेटर मेक्सिकोत जुळवून तयार झालेल्या विद्युत मोटारींविषयी तेथील सीमाशुल्क खात्याने निवाडा दिला. उत्तर अमेरिकी कराराच्या नियमांनुसार वेष्टनावर 'मेक्सिको' असे छापायचे. पण जादा शुल्कासाठी सारभूत रूपांतराची कसोटी लावायची आणि त्या कसोटीवर माल चिनीच ठरतो, असा त्याचा आशय होता. एकाच वस्तूवर नाव एका देशाचे आणि दंड दुसऱ्या देशाचा, अशी ही स्थिती होती.

मूळ ठरवण्याच्या कसोट्या

जी वस्तू पूर्णपणे एकाच देशात मिळाली, उदाहरणार्थ खनिज किंवा शेतमाल, तिच्याबाबत वाद नसतो. वाहनभाग सहसा या वर्गात येत नाहीत. त्यांच्यासाठी पुढील तीन कसोट्यांपैकी एक किंवा अनेक लावल्या जातात.

सारभूत रूपांतर ही सर्वांत जुनी कसोटी होय. शेवटच्या देशात झालेल्या प्रक्रियेमुळे नवे नाव, नवे स्वरूप किंवा नवा उपयोग असलेली वेगळी वस्तू निर्माण झाली का, हा तिचा प्रश्न. अमेरिकेत ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाच्या १९०८ च्या एका निकालापर्यंत मागे नेता येते. तो खटला बिअरच्या बाटल्यांच्या बुचांचा होता. आयात केलेली बुचे स्वच्छ करून, त्यांवर लेप देऊन वापरली, तरी ती बुचेच राहिली, असे न्यायालयाने म्हटले. एका बुचाविषयीचे हे शब्द आज गिअरबॉक्स आणि विद्युत मोटारींना लावले जातात. कसोटी लवचीक आहे, आणि तोच तिचा दोषही आहे. दोन अधिकाऱ्यांचे मत एक होईलच असे नाही.

शुल्कशीर्षातील बदल ही दुसरी कसोटी. जगातील बहुतेक देश मालाच्या वर्गीकरणासाठी १९८८ पासून अमलात असलेली 'हार्मोनाइज्ड सिस्टम' ही सहा अंकी क्रमांकपद्धती वापरतात. बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा क्रमांक आणि तयार मालाचा क्रमांक वेगळा असेल, तर पुरेशी प्रक्रिया झाली असे मानायचे, ही यामागची कल्पना. कसोटी चार अंकी शीर्षावर किंवा सहा अंकी उपशीर्षावर लावतात.

वाहनभागांच्या बाबतीत ही कसोटी ऐकायला सोपी आणि लावायला अवघड आहे, कारण वर्गीकरणाची रचना एकसारखी नाही. पेट्रोल इंजिन ८४०७, डिझेल इंजिन ८४०८ आणि इंजिनाचे भाग ८४०९ या शीर्षांखाली येतात. म्हणून आयात भागांपासून इंजिन जुळवले की शीर्ष बदलते. गिअरबॉक्सचे तसे नाही. गिअरबॉक्स आणि त्याचे भाग दोन्ही ८७०८.४० या एकाच उपशीर्षात येतात. ब्रेक व त्यांचे भाग ८७०८.३० मध्ये आणि चाके व त्यांचे भाग ८७०८.७० मध्ये येतात. त्यामुळे बाहेरून आलेल्या भागांपासून संपूर्ण गिअरबॉक्स कितीही कौशल्याने जुळवला, तरी क्रमांक तोच राहतो. इंजिनाच्या जुळणीला सहज मिळणारे श्रेय गिअरबॉक्सच्या जुळणीला मिळत नाही. यामागे औद्योगिक न्याय शोधण्यात अर्थ नाही. हा केवळ क्रमांकांच्या मांडणीचा परिणाम आहे. सर्वच वाहनभाग ८७ व्या प्रकरणात नसतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. टायर ४०११, सुरक्षा काच ७००७, बेअरिंग ८४८२, विद्युतघट ८५०७, दिवे ८५१२ आणि तारांचे जुडगे ८५४४ या शीर्षांखाली येतात. म्हणून मूळ देशाआधी वर्गीकरण नक्की करावे लागते. वर्गीकरण चुकले की पुढचा सगळा हिशोब चुकतो.

मूल्यवृद्धी ही तिसरी कसोटी. तयार मालाच्या किमतीपैकी किती टक्के मूल्य करारातील देशांत निर्माण झाले ते यात मोजतात. मागील दाराने मोजण्याची पद्धत अधिक प्रचलित आहे: निर्यातीच्या बंदरावरील किमतीतून बाहेरच्या देशांतील मालाचे मूल्य वजा करायचे आणि उरलेल्याचे टक्के काढायचे. ज्या मालाचे मूळ सिद्ध करता येत नाही तो बाहेरचाच धरला जातो.

या कसोट्यांबरोबर एक नकारात्मक यादीही असते. पेटीतून काढणे, पुन्हा बांधणे, लेबल लावणे, रंगाचा हात देणे, चाळणे, साधी जुळणी करणे अशा किरकोळ क्रियांनी मूळ देश बदलत नाही, मग टक्केवारी जुळत असली तरीही.

एक उदाहरण

थायलंडमधील एक कारखाना भारताला ब्रेक पॅड पाठवतो असे समजू. पुढील आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत. एका संचाची बंदरावरील किंमत १००० रुपये. त्यात चीनमधून आणलेले घर्षण अस्तर ४२० रुपयांचे. मूळ ठाऊक नसलेला डिंक व पातळ पत्रे १५० रुपयांची. उरलेल्या ४३० रुपयांत थायलंडमध्ये बनलेली पोलादी पाठपट्टी, मजुरी, इतर खर्च आणि नफा.

बाहेरचा माल ५७० रुपयांचा, म्हणजे थायलंडचे मूल्य ४३ टक्के. आसियान देशांशी झालेल्या कराराचा सर्वसाधारण नियम ३५ टक्के मूल्य आणि सहा अंकी उपशीर्षात बदल असा दुहेरी आहे. न बसवलेले घर्षण अस्तर ६८१३ या शीर्षात येते आणि पट्टीवर बसवलेले ८७०८.३० मध्ये. बदल झाला, टक्केवारीही जुळली. माल थायलंडचा ठरतो.

आता पाठपट्टी थायलंडमध्ये बनलेली नसून चीनमधून आली होती असे तपासात निघाले, आणि तिची किंमत १२० रुपये होती असे धरू. बाहेरचा माल ६९० रुपयांचा झाला व थायलंडचे मूल्य ३१ टक्क्यांवर आले. शिवाय पाठपट्टी ब्रेकचा भाग म्हणून आधीच ८७०८.३० मध्ये असल्यामुळे उपशीर्षातील बदलही झालेला नाही. दोन्ही कसोट्या फसल्या. तयार वस्तू मात्र डोळ्यांना तंतोतंत पहिल्यासारखीच दिसते.

दुसरी शक्यता आणखी विचित्र आहे. पाठपट्टी थायलंडचीच आहे, पण मोठी मागणी दिल्याबद्दल विक्रेत्याने किंमत १००० वरून ८६० रुपयांवर आणली. बाहेरचा माल ५७० रुपयांचाच राहिला. आता थायलंडचे मूल्य ८६० पैकी २९०, म्हणजे ३३.७ टक्के. कारखान्यात काहीही बदलले नाही, तरी घासाघीस करून मिळवलेल्या सूटीने मालाचे मूळच पालटले. मूल्यवृद्धीच्या कसोटीत नफाही मोजला जात असल्याने असे घडते. चलनाचा दर हलला तरी हाच परिणाम होतो. अनुभवी आयातदार म्हणूनच काठावरच्या टक्केवारीवर विसंबत नाहीत.

उत्तर अमेरिकेतील वाद

वाहनभागांच्या मूळ देशाविषयीचे सर्वांत तपशीलवार नियम उत्तर अमेरिकेत तयार झाले आणि ते एका वादातून आले. कॅनडा व अमेरिका यांच्यातील मुक्त व्यापार करार १ जानेवारी १९८९ पासून लागू झाला. गाडीसाठी ५० टक्के प्रादेशिक मूल्याची अट होती. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात ॲलिस्टन येथे होंडा सिव्हिक गाड्या बनत आणि त्यांची इंजिने अमेरिकेतील ओहायो राज्यातून येत. १९९२ मध्ये अमेरिकी सीमाशुल्क खात्याने या गाड्या ५० टक्क्यांची अट पूर्ण करत नाहीत असा निष्कर्ष काढून २.५ टक्के शुल्क मागितले. कळीचा मुद्दा इंजिनाचा होता. अमेरिकेत बनलेल्या इंजिनात परदेशी भाग असतील, तर गाडीच्या हिशोबात ते पूर्ण इंजिन प्रादेशिक धरायचे, अंशतः धरायचे की मुळीच धरायचे नाही?

यातून दोन संज्ञा रूढ झाल्या. एखादा भाग स्वतःची कसोटी उत्तीर्ण झाला की पुढील टप्प्यात त्याचे संपूर्ण मूल्य प्रादेशिक मोजणे याला 'रोल-अप' म्हणतात. उलट, कसोटीत नापास झालेल्या भागातील खरे प्रादेशिक मूल्यही शून्य धरणे म्हणजे 'रोल-डाउन'. पहिल्यात बाहेरचा माल लपतो, दुसऱ्यात घरचा माल हरवतो.

१ जानेवारी १९९४ पासून लागू झालेल्या 'नाफ्टा' करारात प्रवासी गाड्या, हलके ट्रक आणि त्यांची इंजिने व गिअरबॉक्स यांसाठी टप्प्याटप्प्याने ६२.५ टक्क्यांची अट आली. रोल-अपला आळा घालण्यासाठी एक यादी केली गेली आणि यादीतील भाग बाहेरून आले असतील तर त्यांचे मूल्य साखळीभर मागोवा घेऊन मोजावे असे ठरले. यादी १९९० च्या दशकातील गाडीवर आधारलेली होती. पुढे गाडीत इलेक्ट्रॉनिक उपकरणांची गर्दी झाली, पण ती यादीत नसल्यामुळे त्यांचे मूळ कोणी विचारीनासे झाले.

१ जुलै २०२० पासून लागू झालेल्या अमेरिका–मेक्सिको–कॅनडा करारात ही मागोवा-यादी गेली आणि प्रवासी गाड्यांसाठी प्रमाण टप्प्याने ७५ टक्क्यांवर गेले. इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा व चासी, आस, निलंबन यंत्रणा, सुकाणू यंत्रणा आणि विद्युत गाडीची प्रगत बॅटरी हे सात भाग 'गाभ्याचे' ठरवून तेही प्रादेशिक असावेत अशी अट आली. प्रवासी गाडीच्या मूल्यापैकी ४० टक्के काम तासाला किमान १६ डॉलर मजुरी देणाऱ्या कारखान्यांत व्हावे, आणि उत्पादकाने खरेदी केलेल्या पोलाद व ॲल्युमिनियमपैकी ७० टक्के या तीन देशांतील असावे, अशाही अटी आहेत. मजुरीचा दर मूळ नियमात येणे ही नवी गोष्ट होती. मेक्सिकोतील स्वस्त मजुरीला घातलेला तो लगाम आहे, हे कोणी लपवलेले नाही.

रोल-अपचा जुना प्रश्न येथेही परतला. गाभ्याचा भाग आपली कसोटी उत्तीर्ण झाल्यावर पूर्ण गाडीच्या ७५ टक्क्यांत त्याचे शंभर टक्के मूल्य धरता येते, असे मेक्सिको व कॅनडाचे म्हणणे होते. अमेरिकेने ते नाकारले. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या अहवालात तंटा निवारण मंडळाने मेक्सिको व कॅनडाच्या बाजूने कौल दिला.

अमेरिकेने ३ मे २०२५ पासून अनेक वाहनभागांवर राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव २५ टक्के शुल्क लागू केले. उत्तर अमेरिकी कराराच्या कसोटीत बसणाऱ्या भागांना त्या वेळी त्यातून वगळले होते. त्यामुळे आधी केवळ २.५ टक्क्यांच्या आसपास असलेला मूळ देशाचा प्रश्न एकदम दहापट महाग झाला. पुणे, चाकण, औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) आणि कोल्हापूर परिसरांतील ओतकाम व घडाईचे कारखाने अमेरिकेला भाग पाठवतात. त्यांच्या ग्राहकांकडून येणाऱ्या मूळविषयक प्रश्नावल्या लांबत गेल्या त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

युरोपातील एक प्रसंग

ब्रिटनमधील संडरलँड येथे निसानचा कारखाना १९८६ मध्ये सुरू झाला. तेथे बनलेल्या ब्लूबर्ड गाड्या १९८८ मध्ये फ्रान्सला जाऊ लागल्या, तेव्हा त्या ब्रिटिश की जपानी असा वाद उभा राहिला. फ्रान्सने जपानी गाड्यांना बाजारपेठेच्या सुमारे ३ टक्क्यांची मर्यादा घातली होती. स्थानिक भाग ८० टक्के असल्याखेरीज ब्लूबर्ड त्या मर्यादेत मोजली जाईल, असे फ्रान्सचे म्हणणे होते. ब्रिटनच्या मते ६० टक्के पुरेसे होते. १९८९ मध्ये फ्रान्सने माघार घेतली. गाडी एकच, रस्ता एकच, आणि तिचे राष्ट्रीयत्व दोन टक्केवाऱ्यांच्या मध्ये अडकलेले, असे या प्रसंगाचे वर्णन करता येईल.

अँटी-डंपिंग शुल्काच्या बाबतीत असे वाद युरोपात आजही चालतात. चीनमधील ॲल्युमिनियमच्या चाकांवर युरोपीय संघाने २०१० पासून २२.३ टक्के शुल्क लावले. अशा शुल्कानंतर माल तिसऱ्या देशातून येऊ लागतो आणि तो खरोखर तेथे बनला की केवळ तेथून वळवला गेला, हे तपासावे लागते.

भारतातील व्यवस्था

भारताने चीन, दक्षिण कोरिया आणि थायलंड येथून येणाऱ्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या चाकांवर गेल्या दशकात अँटी-डंपिंग शुल्क लावले. अशा शुल्काला १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्यातील ९अ कलमाचा आधार असतो. तेथे मूळ देश आणि निर्यातीचा देश दोन्ही पाहिले जातात.

सवलतीच्या बाजूने पाहता, थायलंडशी झालेली २००४ ची पूर्वलाभ योजना हा भारतीय वाहनभाग उद्योगाचा पहिला मोठा अनुभव होता. ८२ वस्तूंवरील शुल्क सप्टेंबर २००६ पर्यंत शून्यावर आणायचे ठरले आणि त्या यादीत वाहनभागही होते. जपानी कंपन्यांचे थायलंडमधील मोठे कारखाने या वाटेने भारतात माल पाठवतील, ही येथील उत्पादकांची भीती होती. मूळ नियम कडक असावेत हा आग्रह त्या काळापासून भारतीय वाटाघाटींत दिसतो. पुढे दक्षिण कोरियाशी आणि आसियानशी २०१० मध्ये, तर जपानशी २०११ मध्ये करार लागू झाले. तिन्हींत ३५ टक्के मूल्य आणि उपशीर्षात बदल असा सर्वसाधारण दुहेरी नियम आहे. संयुक्त अरब अमिरातींशी झालेला करार १ मे २०२२ पासून अमलात आला.

पूर्वी निर्यातदार देशाच्या अधिकृत संस्थेने दिलेले मूळ प्रमाणपत्र दाखवले की बहुधा काम भागत असे. २०२० च्या वित्त कायद्याने १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात २८डीए हे कलम घातले आणि हे चित्र बदलले. त्याखालील नियम 'कॅरोटार' या संक्षिप्त नावाने ओळखले जातात. ते २१ ऑगस्ट २०२० रोजी अधिसूचित झाले व २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झाले. आता सवलत मागणाऱ्या आयातदाराकडे माल कोणत्या निकषावर त्या देशाचा ठरतो याची पुरेशी माहिती स्वतःजवळ असली पाहिजे. केवळ प्रमाणपत्र सादर केल्याने ही जबाबदारी संपत नाही. प्रक्रिया कोठे झाली, कोणते घटक बाहेरचे, मूल्याचे प्रमाण किती, हे विहित नमुन्यात नोंदवून कागद किमान पाच वर्षे सांभाळावे लागतात. बिल ऑफ एन्ट्रीत मूळ निकष, माल थेट आला का, बीजक तिसऱ्या देशाचे आहे का, हे सांगावे लागते.

अधिकाऱ्याला शंका आली तर तो माहिती मागतो आणि आयातदाराने ती दहा कामकाजाच्या दिवसांत द्यायची असते. समाधान न झाल्यास निर्यातदार देशाकडे पडताळणीची विनंती जाते. तोवर सवलत स्थगित राहू शकते. शुल्कातील फरकाइतकी हमी देऊन माल सोडवता येतो. मूळ सिद्ध झाले नाही, तर त्याच उत्पादकाच्या तशाच मालावरील इतर दावेही नाकारले जाऊ शकतात.

ही व्यवस्था नेमकी कोणावर भारी पडते ते सांगितले पाहिजे. मोठ्या वाहन कंपनीचा पुरवठादार बहुधा तिचाच भागीदार असतो. खर्चाचा तपशील मिळवणे तिला जमते. न्हावा शेवा बंदरातून वर्षाला दोन-चार कंटेनर मागवणाऱ्या व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. परदेशी विक्रेता आपला खरेदीभाव आणि नफा त्याला सांगायला तयार नसतो, आणि नेमके तेच आकडे सीमाशुल्क खाते त्याच्याकडे मागते. काही करारांत उत्पादकाने गोपनीय तपशील थेट अधिकाऱ्यांना देण्याची सोय आहे, पण पडताळणीला लागणारा वेळ व्यापाऱ्याच्याच खात्यावर पडतो. पळवाटा बुजवण्यासाठी हे नियम आवश्यक होते याविषयी दुमत नाही. तथापि त्यांचा भार मालाविषयी सर्वांत कमी माहिती असलेल्या व्यक्तीवर टाकला गेला आहे, ही टीका निराधार म्हणता येत नाही.

ग्राहकाच्या दृष्टीने वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ महत्त्वाचे आहेत. आयात केलेल्या आवेष्टित वस्तूवर मूळ देशाचे, उत्पादनाच्या किंवा जुळणीच्या देशाचे नाव असणे त्यानुसार बंधनकारक आहे. पुण्याच्या नाना पेठेत सुटा भाग घेणारा मेकॅनिक किंवा ऑनलाइन मागवणारा गाडीमालक यांना प्रत्यक्ष दिसतो तो हाच मजकूर. तेथे 'जुळणीचा देश' हा पर्याय असल्याने छापलेले नाव आणि शुल्कासाठी ठरलेला मूळ देश एकच असेल असे गृहीत धरता येत नाही.

पुरावे

तपासणीत कागद आणि वस्तू दोन्ही बोलतात. कागदांत घटकांची किंमतवार यादी, कच्च्या मालाची खरेदी बीजके, उत्पादनप्रक्रियेचे वर्णन आणि जहाजाची बिले पाहिली जातात. थेट वाहतुकीची अट असल्यास वाटेतील बंदरावर माल सीमाशुल्काच्या देखरेखीखाली राहिला याचा दाखला लागतो. तिसऱ्या देशातून बीजक येणे हा स्वतः दोष नाही. थायलंडचा माल, सिंगापूरचे बीजक आणि मुंबईचा खरेदीदार ही नेहमीची रचना आहे. मात्र ती जाहीर करावी लागते.

वस्तूवरील खुणांत ओतीव भागावरील साच्याची अक्षरे, कोरलेले क्रमांक, उत्पादनतारखेचा संकेत आणि आतल्या घटकांवरील छाप उपयोगी पडतात. कवचावर एक देश आणि आतील बेअरिंगवर दुसरा देश दिसला तर त्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही. ते बेअरिंग बाहेरचा घटक म्हणून हिशोबात घेतले होते का, एवढाच प्रश्न त्यातून निघतो.

सामान्य गैरसमज

नाममुद्रा म्हणजे देश नव्हे. बॉश ही जर्मन कंपनी आहे, परंतु तिचा कारखाना नाशिकमध्ये अनेक दशके डिझेल इंजिनांचे भाग बनवत आला आहे. जर्मन नावाचा नोझल नाशिकचा असू शकतो.

बारकोडच्या सुरुवातीचे आकडेही मूळ देश सांगत नाहीत. ८९० या आकड्यांचा अर्थ तो क्रमांक भारतातील नोंदणी संस्थेने दिला एवढाच. माल कोठेही बनलेला असू शकतो.

गाडीच्या सतरा अंकी ओळख क्रमांकाचे पहिले अक्षर उत्पादकाचा प्रदेश दाखवते, जसे जपानसाठी जे, चीनसाठी एल, जर्मनीसाठी डब्ल्यू. ते पूर्ण गाडीबद्दल असते. तिच्यातील भागांविषयी त्यावरून काही कळत नाही. अमेरिकेत १९९२ च्या कायद्यानुसार नव्या गाडीवर लावल्या जाणाऱ्या पट्टीवर मात्र अमेरिका व कॅनडातील भागांचे प्रमाण आणि इंजिन व गिअरबॉक्सचा देश दिलेला असतो. त्या हिशोबातही स्वतंत्र पुरवठादाराच्या भागात ७० टक्के स्थानिक मूल्य असले की तो भाग शंभर टक्के स्थानिक धरतात, म्हणजे रोल-अप तेथेही आहेच.

वापरलेल्या भागांबद्दलचा गैरसमज महागात पडणारा आहे. जपानी गाड्यांतून काढलेली इंजिने शारजाच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर विकली जातात. तेथून विकत घेतल्याने ती अमिरातींच्या मूळची होत नाहीत, कारण तेथे त्यांवर मूळ बदलणारी कोणतीही प्रक्रिया झालेली नसते.

देशांतर्गत मूल्यवृद्धीशी संबंध

मूळ देश ठरवणे आणि स्थानिकीकरण मोजणे या वेगळ्या गोष्टी असल्या, तरी हिशोबाची पद्धत जवळची आहे. भारताने डिसेंबर १९९७ मध्ये वाहन कंपन्यांना तिसऱ्या वर्षापर्यंत ५० टक्के आणि पाचव्या वर्षापर्यंत ७० टक्के स्थानिक भाग वापरण्याची अट करारनाम्यांतून घातली होती. युरोपीय समुदाय व अमेरिका यांनी तिला जागतिक व्यापार संघटनेत आव्हान दिले आणि २००२ मध्ये ती नियमबाह्य ठरली. चीनने आयात भागांचे मूल्य ६० टक्क्यांवर गेल्यास त्यांवर पूर्ण गाडीचे २५ टक्के शुल्क आकारण्याची पद्धत घातली होती. तीही २००८ मध्ये अपील मंडळाने फेटाळली.

सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या वाहन क्षेत्राच्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेत किमान ५० टक्के देशांतर्गत मूल्यवृद्धीची अट आहे. ती प्रमाणित करणाऱ्या संस्थांत पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचा समावेश होतो. तेथे पुरवठादारांच्या साखळीत खाली उतरून कोणता घटक आयात केलेला आहे ते मोजले जाते. मुंबईतील एखाद्या वितरकाने बीजक दिले म्हणून त्याच्याकडून घेतलेली परदेशी चिप देशी धरली जात नाही.